मुके आणि बोलके

तिने रुमाल सोडून कप बाहेर काढला. पांढरा, बिनफुलाचा, कारखान्यातून दिवसाला हजारांनी निघतो तसलाच. मुलगी टेबलाला पाठ टेकून बुटक्या स्टुलावर बसली होती आणि मांडीतल्या ठोकळ्यांशी तिचं काहीतरी भांडण चाललं होतं. तिला दिसणार नाही अशा बेताने आईने कप तिच्या पाठीमागे टेबलावर ठेवला, पिशवीतून लाकडी दांडी काढली आणि तपासणीच्या मॅडमकडे पाहिलं.

"आता बघा."

दांडी कपाच्या काठाला लागली. मुलगी वळली. हे काय मध्येच, अशा नजरेने कपाकडे बघून पुन्हा ठोकळ्यांकडे गेली.

"घरी रोज करते मी हे. एकदाही चुकत नाही. आता तुमचं यंत्र काय म्हणायचं ते म्हणू दे."

मॅडम तरुण होत्या, पेन्सिल कानावर खोचायची सवय असलेल्या. गेला दीड तास त्यांनी खारूच्या कानांवर मोठाले हेडफोन चढवून बारीक-मोठे आवाज सोडले होते आणि कागदावर खुणा केल्या होत्या. खारू म्हणजे ही मुलगी. सव्वातीन वर्षांची, खारीसारखी एका जागी ठरत नाही म्हणून खारू. त्या खुणा जोडून जी रेघ झाली होती ती डावीकडे बऱ्यापैकी सपाट चालली होती आणि मग टेकडीवर पाय घसरावा तशी उजवीकडे थेट खाली गेली होती. मॅडमने त्या रेघेबद्दल वाद घातला नाही. कपाकडे पाहत त्यांनी विचारलं,

"कारखान्यातही असाच वाजवता?"

प्रश्न साधा होता. त्यात टोमणा नव्हता, कुतूहलच होतं. तरी तिची नजर कपाखालच्या टेबलाकडे गेली.

कप-बशांच्या कारखान्यात, निवड विभागात, ती अकरा वर्षं कप वाजवत होती. भट्टीतून निघालेला एकेक कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या दांडीने काठाला हलकी टिचकी द्यायची आणि ऐकायचं. अंगाने शाबूत असलेला कप गातो. ज्याच्या अंगात डोळ्याला न दिसणारा, केसाएवढा तडा आहे तो 'थड' म्हणतो आणि गप्प होतो. पहिला बोलका, दुसरा मुका. बोलका पुढे पॅकिंगला जायचा, मुका पेटीत, आणि पेटी भरली की चुऱ्याला. मुका पेटीत टाकताना मोठ्याने 'मुका' म्हणून टाकायचा, म्हणजे चुकून कुणी तो परत उचलत नाही, असा तिथला जुना रिवाज होता. त्यावरून विनोदही जुनेच चालत. टेबलाच्या टोकाला बसणारी मावशी तर रोज एकदा म्हणायचीच, की बाई, दिवसभर इथे मुक्यांचा नुसता पाऊस, आणि घरी गेलं की माणूस पेपरातून डोकं काढत नाही.

या सगळ्यांत तिचा कान वेगळा. कपाच्या कानाच्या रेषेत वाजवलं तर सूर किंचित खाली लागतो आणि तिरकं वाजवलं तर किंचित वर चढतो, हे तिला दांडी हातात घेतल्यापासून कळत होतं; तिला कुणी शिकवलं नव्हतं. बायका तिला नावाने हाक मारत नसत. कान म्हणत. ए कान, हा जरा बघ गं, मला शंका येतेय. नवी बाई कामाला लागली की तिला कानाच्या हाताखाली देत, आणि कान पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवी ती ही: कप टेबलावर ठेवून वाजवायचा नाही. कधीच नाही. टेबल आवाज खातं. टेबल खोटं बोलतं.

तिने कप उचलला. तीन बोटांवर तोलला. खारूच्या डोक्यामागे, वीतभर अंतरावर, हवेत धरून टिचकी दिली.

आवाज स्पंज लावलेल्या भिंतींत जाऊन विरेपर्यंत तिने तो ऐकला. चांगला कप होता. आजच्या दिवसासाठी तिनेच शेकड्यांतून निवडून आणलेला. खारूने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. दुसरी टिचकी. खारूने त्यावर आणखी एक ठेवला. तिसरी टिचकी इतकी जोरात होती की मॅडमच्या पापण्या लवल्या. खारूने मनोरा पाडला आणि स्वतःवरच खूश होऊन हसली.

तिने कप रुमालात गुंडाळला. गाठ एकदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. घरी रोज कप टेबलावर का ठेवत होतीस, असं तिला कुणी विचारलं नाही. ते बरं झालं, कारण उत्तर तिला माहीत होतं.

मॅडमने कपाटावरून प्लॅस्टिकचा एक मोठा कान खाली घेतला आणि डब्यासारखा उघडला. आत पडदा होता, आणि पडद्याला चिकटून तीन इवलीशी हाडं. हातोडी, ऐरण, रिकीब. आवाज येऊन पडद्यावर थडकला की हातोडी हलते, हातोडी ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब पुढच्या शंखाच्या दारावर धक्के देते. शंख पाण्याने भरलेला. पाणी हललं की आतले बारीक केस डोलतात, आणि ते डोलले की मेंदूला वर्दी जाते. तेव्हा कुठे आपण म्हणतो, ऐकू आलं.

ती लोहाराच्या दुकानात शिरल्यासारखी वाकून बघत होती.

"हातोडी?"

"चांगली आहे."

"ऐरण?"

"तीही."

"मग तडा कुठे आहे?"

"तडा नाहीच," मॅडम म्हणाल्या. पेन्सिलीचं टोक त्यांनी शंखाच्या तोंडाशी ठेवलं. "सगळे केस सगळे आवाज घेत नाहीत. दाराशी बसलेले बारीक, उंच आवाज घेतात. जाडे, खालचे आवाज आत टोकापर्यंत जातात, तिथले केस ते घेतात. हिच्या दाराशी पहारा फार कमी आहे. जन्मापासूनच असावा. घरात माणसं आहेत, दाराशी नाहीत, एवढंच समजा."

"आणि कपाचा आवाज दाराशीच उतरतो."

"हो. आणि स, श, क, ट, च यांचाही. म, न, उ, ओ हे तिला बऱ्यापैकी ऐकू येतात. दार आपटलेलं, गाडी गेलेली ऐकू येते. म्हणून तर इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. टेबलावरचा कप तिला पाठीने कळला."

खारू स्वतःला 'आऊ' म्हणायची. घरात सगळ्यांना त्याचं कोण कौतुक. तिच्या तोंडातून ख निसटतो म्हणून नव्हे, तर ख तिच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही म्हणून, हे त्या वाकलेल्या अवस्थेत आईला कळलं. ती सरळ झाली. केस परत उगवतात का, असं तिने विचारलं. नाही उगवत. कानामागे लावायच्या मशीनने दाराशी आवाज मोठा करून देता येतो. मात्र ते जागेपणी सतत लावायला हवं, आणि समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायला हवं, दिवसभर, आत्तापासून. बोलायला शिकायचं वय म्हणजे उघडी खिडकी, मॅडम म्हणाल्या, ती हळूहळू मिटत जाते.

मग त्यांनी रंगांचा एक पुठ्ठा पुढे केला. मशीनचे रंग. बहुतेक लोक हा घेतात, असं म्हणून त्यांनी कातडीच्या रंगावर बोट ठेवलं. केसांखाली गेला की कुणाला दिसत नाही.

"दिसत नाही?" तिने विचारलं. "मग तो नको. तो लाल द्या."

घरी सासूबाईंनी मशीनकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. पोरगी बोलेल आपोआप, असं त्यांचं दोन वर्षांचं म्हणणं होतं. तिचा बापही साडेतीन वर्षांचा होईपर्यंत तोंडात मूग धरून बसला होता, आणि आता बघा. आता बघण्यासारखं विशेष काही नव्हतं. नवरा भट्टीवर कामाला होता आणि अजूनही गरजेपुरतंच बोले. त्याने मशीन तळहातावर घेऊन उलटसुलट केलं, भट्टीचा दरवाजा तपासावा तसं, आणि विचारलं, "धूळ गेली तर कसं साफ करायचं?" तेवढ्याने तिला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी मशीन लावल्यावर खारूने शोधून काढलेला पहिला आवाज कागदाचा होता. मॅडमने दिलेला तपासणीचा कागद तिच्या हातात आला, चुरगळला, आणि ती दचकली. मग तिने तो पुन्हा चुरगळला. संध्याकाळपर्यंत त्या घसरलेल्या रेघेचा बोळा झाला होता आणि कुणी तो तिच्याकडून काढून घेतला नाही.

रजा संपवून ती कामावर गेली त्या सकाळी तिसराच कप 'थड' म्हणाला. तोंड सवयीने उघडलं. शब्द ओठांवर आला आणि तिथेच थांबला. तिने कप पेटीकडे नेला. पेटीवर पांढऱ्या रंगात मोठं अक्षर होतं: मुके.

"मुका," तिच्या वतीने मावशी ओरडली.

"तडकलेला म्हणा, मावशी."

"काय?"

"तडकलेला. मुका नाही म्हणायचं."

मावशीने दांडी खाली ठेवली. खारूचं काय झालं ते तिला कळलेलं होतं. सगळ्या टेबलाला कळलेलं होतं. खारूच्या आईने खिशातून खडू काढला, वाकून पेटीवरचा शब्द आडव्या रेघांनी खोडला आणि बाजूला 'तडकलेले' लिहिलं. अक्षरं मावेनात, शेवटचा 'ले' पेटीच्या कोपऱ्यावरून वळवावा लागला.

तोवर मुकादम आला. तो तरुणपणी माती दळायच्या चक्कीवर होता आणि त्या चक्कीने त्याच्या कानांचं पीठ करून टाकलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्याला वाटे की कुणाला ठाऊक नाही. तो कुजबुजला तरी पॅकिंगपर्यंत ऐकू जाई. त्याने पेटी पाहिली.

"हे काय आता? माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून इथे मुकाच म्हणतात. दोन अक्षरांत काम होतं. तू पाच अक्षरं घालून बसलीस तर दिवस पुरायचा नाही."

"मग मी न बोलता टाकीन. पण मुका म्हणणार नाही. माझ्यासमोर कुणी म्हणू नये."

"अगं, कपाला म्हणतात. कपाला राग येतो का?"

"कपाला म्हणतात आणि मग चुऱ्याला पाठवतात."

मुकादमाने टेबलाकडे पाहिलं. बायका कप वाजवायच्या थांबल्या होत्या, आणि कारखान्याच्या त्या भागात शांतता म्हणजे वाईट चिन्ह. त्याने सूर हसरा केला.

"बरं. म्हणजे उद्या माझ्याही नावातून मुका काढणार तू. मग मला काय म्हणाल?"

"दम," ती म्हणाली. "तसंही तुम्ही तेवढाच देता."

मावशीच्या हातातला चांगला बोलका कप तिच्या हसण्याने सुटून खाली पडला आणि फुटला. मुकादमाला शब्द नीट ऐकू आला नसावा. सगळे हसले म्हणून तोही हसला. तिला पॅकिंगला पाठवीन, असं तो जाता जाता म्हणाला, पण पॅकिंगला कान लागत नाही आणि निवडीला लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत. पुढचे काही दिवस ती गुपचूप कप पेटीत टाकत राहिली. तिच्या बाजूच्या दोघींनीही तोंड बंद केलं. मावशीला जमेना, ती कपाच्या तळाकडे बघत 'हा गेला' म्हणू लागली आणि हळूहळू ते टेबलभर झालं. हा गेला. हा पण गेला. तीनच अक्षरं.

भट्टीवरून नवऱ्याने हे सगळं ऐकलं होतं आणि त्याच संध्याकाळी घरी एका वाक्यात सांगितलं होतं, "आज हिने मुकादमाला दम दिला." सासूबाईंना ते आवडलं नाही. चारचौघांत आपण होऊन कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. झाकली मूठ.

त्या झाकल्या मुठीत काय आहे ते तिला दुसऱ्या आठवड्यात सापडलं. ती कामावरून लवकर आली तर शेजारीण नुकतीच उठून जात होती, खारू जमिनीवर दाराकडे पाठ करून बसली होती आणि तिचे कान रिकामे होते. हाक मारली, वळली नाही. दोन्ही लाल मशीनं सुया-दोऱ्याच्या डब्यात निघाली.

तिने ती पुसली, खारूच्या कानांमागे बसवली, आणि मग उठून उभी राहिली.

"कोणी आलं की काढता, आई?"

"रडत होती."

"आत्ता रडत नाहीये."

सासूबाई डब्याचं झाकण लावत होत्या. ते नीट बसत होतं तरी पुन्हा पुन्हा लावत होत्या.

"लोक मुकी म्हणतील तिला," त्या शेवटी म्हणाल्या. "तू दिवसभर तिकडे असतेस. ऐकायला मी असते घरात. मला नाही ऐकवायचं ते."

तिला भांडण करायचं होतं. वाटेतल्या प्रत्येक पायरीवर तिने त्याची तयारी केली असती, जर आधी माहीत असतं तर. पण त्या म्हातारीच्या तोंडून तिचीच भीती तिच्याच शब्दात बाहेर आली होती.

"म्हणू दे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आधी तिला ऐकू तर येऊ दे कोण काय म्हणतंय ते. उत्तर तीच देईल."

त्यानंतर मशीन डब्यात गेलं नाही. शेजारीण आली की ती सुट्टीच्या दिवशी स्वतः दार उघडी आणि खारूचे केस मागे बांधून तिला पुढे उभी करी. शेजारणीने विचारलं तर शंख, पाणी, केस, दाराशी पहारा, सगळं पहिल्यापासून सांगे. शेजारणीला घाई असली तरी सांगे.

राहिलं होतं बोलणं. मॅडमने एक शब्द निवडायला सांगितलं होतं. ओठांवर दिसणारा हवा, आणि म्हणता क्षणी काहीतरी घडणारा. तिने 'पापा' निवडला. रोज कामावरून आल्यावर, हात धुऊन, ती खारूसमोर मांडी घालून बसे, गाल पुढे करी आणि म्हणे, पापा. पापा दे. खारू तिचे ओठ बघे, गाल बघे, मग तिच्या कपाळावरची धूळ बोटाने पुसे. पाच आठवडे झाले. मॅडम म्हणाल्या, शब्द बदलून बघा; प म्हणजे नुसती फुंकर, त्याला आवाज असा नाहीच. म घ्या. म तिला आधीपासून येतो.

म ने सुरू होणारा, गाल पुढे केला की म्हणायचा शब्द तिला माहीत होता. सगळ्यांनाच माहीत असतो. "बघते," म्हणून ती आली, आणि घरी पुन्हा 'पापा'च म्हणत राहिली.

त्याच सुमारास मुकादम एकदा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कपांकडे बघत, तोंडावर हात आडवा धरून, त्याच्या मते अगदी हळू, त्याने विचारलं, की ते मशीन मोठ्या माणसांनाही बसतं का. त्याचा एक मित्र आहे, त्याच्यासाठी. पॅकिंगपर्यंतच्या बायका खाली माना घालून कप पुसू लागल्या. तिने त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, मॅडमचा पत्ता सांगितला. कुठला रंग घ्यावा हेही सांगितलं.

त्या दिवशी ती घरी पोहोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. दार लोटलेलं होतं. तिने चप्पल काढायला एक पाय उचलला आणि आतून आवाज आला.

"मुका."

सासूबाईंचा. एरवी त्या कामं करता करता, पाठमोऱ्या बोलत. आज त्या जमिनीवर बसल्या होत्या, दुखरा गुडघा लांब करून, खारूच्या तोंडासमोर तोंड धरून. ओठ आधी मिटले, मग पुढे आले.

"मुका. आजीला मुका."

खारूने आजीच्या गालावर ओठ टेकवले. इतक्या सहज, की हे आज पहिल्यांदा होत नव्हतं हे उघड होतं. मग ती मागे सरली, आजीच्या ओठांकडे बोट दाखवून म्हणाली,

"मु-आ."

आणि स्वतःचा गाल पुढे केला.

दारात आई उचललेल्या पायाने तशीच उभी होती. सासूबाईंनी तिला पाहिलं. चोरी पकडल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि लगेच गेलं.

"लहान पोरांना आमच्यात हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या कारखान्यात बंदी असेल."

खारूनेही तिला पाहिलं. धावत येऊन तिने आईचा हात खाली ओढला, बसवण्यासाठी. ती बसली. एका पायात चप्पल तशीच.

"मु-आ."

अकरा वर्षं जे ऐकलं की कप पेटीत टाकला होता, तेच तिच्या कानाने आत्ता शोधलं. दोन अक्षरांच्या मध्ये काहीतरी होतं. क नव्हता. पण तिथे श्वास कशाला तरी अडखळला होता, केसाएवढा. क ची जागा तिथे झाली होती.

खारू गाल पुढे करून वाट बघत होती. तिच्या कानामागचं लाल उन्हात चमकत होतं.

"काय?" तिने विचारलं. सावकाश, तोंड दिसेल असं. "काय म्हणालीस?"

"मु-आ!"

मागे सासूबाई कुरकुरल्या, की अगं दे ना, मागतेय पोर.

"नाही आलं ऐकू," कान म्हणाली. "पुन्हा म्हण."

खारूने भुवया जवळ आणल्या, पाय आपटला, आणि फुप्फुसं भरून श्वास घेतला.